दादाचा आजार आम्ही लपवला होता

कुडपणच्या ग्रुपवर जे कोणी आहेत, त्या सगळ्यांनी वाचा. मुंबईवाल्यांनीही.

आज सकाळी न्याहारी करताना दादाची जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला. मुंबईहून आलेल्या काकांनी खिशातली गोळी त्याच्या तोंडात कोंबली. "रक्त पातळ करते, चघळ." मी बोट घालून ती बाहेर काढली. काका भडकले, "तू काय डॉक्टर हायस गो?"

नाय. पण दादाला हिमोफिलिया आहे. त्याचं रक्त लवकर गोठतच नाही. महाडला स्कॅन केलं, तर मेंदूत रक्तस्राव निघाला. तो अजून शुद्धीवर नाही.

दिवसभर मी काकांना शिव्या घालत होते. पण त्यांना माहीतच नव्हतं. हा आजार घरातल्या मुलीकडून तिच्या मुलांना जाऊ शकतो, म्हणून माझं लग्न जमेपर्यंत आम्ही तोंड बंद ठेवलं होतं. मीसुद्धा.

दासगावची मंडळी रविवारी मला बघायला येणार होती. त्यांना हीच पोस्ट पाठवली आहे.

आता तुम्ही सांगा, तुमच्या घरात कुणाचं दुखणं कुणाच्या लग्नासाठी दडवून ठेवलंय?