कपाटाच्या दारावरची दुखणी

टॉवर क्रेन चालवणाऱ्या त्या माणसाला जमिनीवरचे लोक आभाळराव म्हणत. बावीस वर्षं तो उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोकांच्या डोक्यांवरून लोखंड फिरवत होता, आणि ते अजून कुणावर पडलं नव्हतं, एवढ्यासाठी त्याला मान होता. केबिनपर्यंत शिडी होती, आणि शिडी चढायला दरवर्षी तब्येतीचा दाखला लागे. फॉर्मवरचा चौथा प्रश्न लहानपणच्या आजारांचा. तिथे तो 'नाही' लिहायचा. पाचवा सिगारेटींचा. तिथे 'दोन' लिहायचा, कारण सगळीकडे 'नाही' लिहिलं की संशय येतो.

आधीचे डॉक्टर शर्टावरूनच छाती तपासत. यंदाच्या डॉक्टरबाई नव्या होत्या. त्यांनी शर्ट काढायला लावला, छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाही.

"हृदयाच्या झडपेचा आवाज येतोय," त्या म्हणाल्या. "लहानपणी घसा धरून ताप, मग सांधे सुजले, असं काही झालं होतं? त्या तापाने झडप बिघडते."

"नाही."

"तुम्हाला आठवत नसेल. आई आहेत ना? सोमवारी घेऊन या. तोवर शिडी बंद."

आई होती आणि तिला सगळं आठवत होतं, हीच तर अडचण होती. तीन पोरांची दुखणी हे तिच्या आयुष्यातलं मुख्य कर्तृत्व. कागद हरवतात म्हणून तिने ती प्लायवुडच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, दाभणाने कोरून ठेवली होती. कुणाला गोवर कधी, कांजिण्या कधी, गालगुंड डावीकडे की उजवीकडे.

रविवारी संध्याकाळी आभाळरावांनी त्या बाजूला करडा तेलरंग फासला. कर्मचाऱ्यांच्या आईचं कपाट उघडून बघणारी कंपनी अजून जन्माला आलेली नाही, पण घाबरलेला माणूस तयारी पूर्ण करतो. मग त्यांनी आईला पढवायला घेतलं.

"तू फक्त 'काही झालं नाही' एवढंच म्हण."

"गोवरसुद्धा नाही? तुला काय कापसात गुंडाळून ठेवला होता? ती बाई मला खुळी समजेल."

"बरं, गोवर सांग. पण गुडघ्यांचं नाव काढू नकोस. माझी केबिन जाईल, आई."

आईने मान हलवली. बावीस वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं.

सोमवारी दुपारी ती डॉक्टरांसमोर इतकं सफाईदार खोटं बोलली, की आभाळराव तिच्याकडे बघतच राहिले. गोवर, तोही हलका. बाकी पोरगा नुसता दगड.

डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. "मग हा आवाज नवा आहे. रक्तदाब चढा, सिगारेटी, वडील पन्नाशीत छातीच्या दुखण्याने गेले, आणि आता हे. आवाज जुना, तेवढाच राहिलेला असता, तर तपासण्या होईपर्यंत मी काहीतरी मार्ग काढला असता. नव्याला मार्ग नाही. केबिन विसरा."

आई आधी मुलाकडे बघत होती, मग डॉक्टरांकडे वळली.

"तिसरीत होता," ती म्हणाली. "घसा धरला, ताप आला, गेला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले. एक उतरला की दुसरा."

"आजी, पाच मिनिटांपूर्वी हा दगड होता."

"तेव्हा याने सांगितलं तसं बोलले. आता खरं बोलतेय."

"मी कशावर विश्वास ठेवू? काही लेखी आहे?"

"आहे. कपाटाच्या दारावर."

आभाळराव खाली बघून म्हणाले, "त्याला काल रंग दिला."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजता त्यांचा अहवाल जाणार होता.

घरी पोचेपर्यंत साडेतीन झाले. रंग अजून ओला होता. आभाळरावांनी टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून दार पुसलं. वरचा रंग निघाला, चरांमधला तसाच राहिला, आणि जी अक्षरं आजवर डोळ्यांना ताण देऊन वाचावी लागत, ती पाटीवर लिहिल्यासारखी उमटली. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून, दार रिक्षात आडवं घालून दोघं पावणेपाचला पोचले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, आणि दार लिफ्टमध्ये मावेना.

आभाळरावांनी ते डोक्यावर घेतलं आणि जिना धरला. आई लिफ्टने वर गेली. डॉक्टर जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या.

पहिल्या वळणावर दार थांबलं. मग पहिल्या मजल्यावर थांबलं. तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा वर फक्त चार पायऱ्या उरल्या होत्या, आणि दाराखालून भात्यासारखा श्वास ऐकू येत होता.

डॉक्टरांनी दार भिंतीला टेकवून वाचलं. घसा, ताप, गुडघे, दोन महिने शाळा नाही. "जुनं आहे, हे पटलं," त्या म्हणाल्या. "वाढलंय, तेही दिसलं. तीनदा थांबलात."

"दार जड आहे."

"पोकळ दार आहे," आई म्हणाली. "मी एका हाताने उचलायचे."

आभाळराव पायरीवर बसले. बराच वेळ दम घेऊन म्हणाले, "शिडीवर चारदा थांबतो. गेलं वर्षभर."

डॉक्टरांनी जिन्यातच अहवाल पूर्ण केला. हृदयाची तपासणी उद्या, सिगारेट आजपासून बंद, शिडी कायमची बंद. आभाळरावांनी सही केली. केबिन वाचवायला आणलेलं दार भिंतीला टेकून उभं होतं.

आई त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून होती. डॉक्टरांनी ती वाचली : 'घशाच्या गोळ्या तीन दिवस. ताप गेला. उरलेल्या धाकटीसाठी ठेवल्या.'

"पूर्ण दिल्या असत्या तर?" आईने विचारलं.

"आता सांगता येत नाही, आजी."

"म्हणजे हो."

डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आभाळरावांपुढे धरली. ती आईने घेतली, घडी करून कनवटीला लावली आणि म्हणाली, "चल. उतरताना लिफ्टने. दार मी घेते."