मशेरीची सुटी

बुधवार, कार्तिक महिना, तुळशीचं लग्न नुकतंच आटोपलेलं. साल एकोणीसशे साठ. जागा: अध्यक्षीणबाईंची ओटी. हजर: अध्यक्षीणबाई, खजिनदार वहिनी, शाळेतल्या बाई आणि चिटणीस म्हणून मी. गैरहजर: ज्यांच्या भल्यासाठी सभा बोलावली होती त्या सगळ्या, कारण त्या कामावर होत्या.

काम म्हणजे काथ्याचं. आमच्या महिला मंडळाची खाडीच्या अलीकडे काथ्याची शेड होती. शेड म्हणायचं एवढंच, झावळ्यांनी शाकारलेला लांबट मांडव. खाडीच्या चिखलात महिनोन्महिने कुजत घातलेली नारळाची सोडणं तिथे यायची. बायका ती लाकडी दांडक्यांनी कुटून काथ्या मोकळा करायच्या आणि त्याचं सुंभ वळायच्या. वास असा की नवीन माणसाने आत न येताच परत फिरावं. कुटता कुटता मधेच एखादी उठायची, मागच्या चुलीजवळ जायची आणि तव्यावर काळी भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन दातांना चोळत बसायची. ह्यालाच मशेरी लावणं म्हणतात. अर्धं गाव मशेरी लावत होतं आणि उरलेलं अर्धं लावत नाही म्हणून सांगत होतं.

सभा भरली ती शेडवरच्या एका काकीमुळे. काकी वयाने माझ्याएवढीच, पण सगळ्या तिला काकी म्हणत म्हणून मीही म्हणायची. दिवाळीच्या आधीपासून तिला तिखट तोंडात धरवेना. बांगड्याच्या सारात ती पाणी ओतून खायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही. मी तिला होडीने खाडीपार मालवणात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं. गालाच्या आतून पांढरा चट्टा होता.

"मशेरी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "चट्टा गेला तर उत्तम. वाढला, तर मुंबईला जावं लागेल."

मुंबईला जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. नोकरीला गेलेलं माणूस स्वतः पत्र लिहितं. असल्या आजाराला गेलेल्याचं पत्र दुसरं कोणीतरी लिहितं.

परतताना होडीत मी विचारलं, "काय गो काकी, सोडतलंस मां?"

"सोडतलंय," ती म्हणाली. "माका काय इतक्यात मराचा नाय. चेडवाचा लगीन आसा." तिची मुलगी लग्नाला आली होती.

तर ती सभा. मधोमध अध्यक्षीणबाईंचा चांदीचा पानाचा डबा. "तंबाखू म्हणजे विष," असं म्हणून त्यांनी पान लावलं आणि वर चिमूटभर तंबाखू ठेवली. शाळेतल्या बाईंचे डोळे मोठे झाले.

"ही वेगळी गो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "ही सुगंधी. ही पचनाक."

पान लावून होईपर्यंत आम्ही सगळ्या गप्प बसलो. मग एकमताने ठरलं की शेडवर मशेरी बंद. शाळेतल्या बाईंनी सुंदर अक्षरात पाटी रंगवली: 'येथे मशेरी लावण्यास सक्त मनाई आहे.' शेडवर वाचता येणारा एकटा मुकादम होता. तो विड्या ओढायचा आणि पाटीत विडीचं नाव नव्हतं. त्याला पाटी फार आवडली.

आठवडा उलटायच्या आत तो माझ्या दारात.

"वयनी, शेडवर साथ इली."

"कसली साथ?"

"पोटाची. सगळ्यांक एकदमच. एक येता, तवसर दुसरी जाता. माडाखाली नुसती जत्रा."

मी चपला घातल्या आणि निघाले. माडाखाली जत्रा नव्हती, पण सोडणांच्या ढिगामागे पदर दिसला. काकी उकिडवी बसलेली, हातात डबी, बोट तोंडात.

"काय गो ह्यां?"

"काय नाय."

"डॉक्टरान काय सांगल्यान? आण ती डबी हय."

तिने डबी दिली. मी उघडून वास घेतला. तंबाखूचा वास मला डोळे मिटून कळतो, सासूबाईंनी तेवढं शिक्षण दिलं आहे. ही तंबाखू नव्हती. सोडणाचा कोळसा होता, बारीक कुटलेला.

"ह्यां कित्याक?"

"बसाक व्हया मां, वयनी."

मला काही उमगलं नाही. तेव्हा तिने, शेजारच्या घरच्या सुनेला भाकरी थापायला शिकवावं तशा सुरात, मला समजावलं.

"मशेरी सोडलंय त्या दिसापासून मुकादम माका बसाक देय नाय. उठलंय की इचारता, तू सोडलंस मां? मगे उठतंस कित्याक? तेका डबी दिसली की तो गप रवता. नुसती बसलेली बाई दिसली की तेच्या पोटात दुखता. म्हणान कोळसो भरलंय. आता तुमी पाटी लावलात. कोळसोव गेलो."

मी तिथेच ढिगावर टेकले. शेडचे नियम मीच लिहिले होते आणि मला त्यांचा थोडा अभिमानही होता. यायची वेळ होती, जेवणाची होती, सुटायची होती. मधे पाठ टेकायची वेळ कुठेच नव्हती. ती बायकांनी मशेरीतून काढली होती आणि मुकादमाने विडीतून. जिच्याकडे डबी तिला विसावा. जिच्याकडे नाही तिने कुटत राहायचं. नवीन कामाला आलेल्या पोरी महिन्याभरात मशेरी लावायला लागत, त्याचं कारण आम्ही ओटीवर बसून वाईट संगत असं ठरवलं होतं. संगत बरी होती. कंबर दुखत होती.

"खरां सांग," मी म्हटलं. "मधे परत लावलंस?"

काकीने खाडीकडे पाहिलं. "एकदा," ती म्हणाली. मग पदर सारखा करत, "तसां दोनदा. बाजूक सगळ्यांची डबी उघडी आसतली आणि मी कोळसो चोळतलंय. किती दिस?"

पुढची सभा मी लगेच लावली आणि ह्या खेपेला काकीला बोलावणं धाडलं. ती आली आणि पायरीवर उभी राहिली.

"बस गो वर येवन," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"कामावरसून इलंय. लुगड्याक वास आसा."

"वास शेडचोच मां? शेड आमचीच. बस."

ती ओटीच्या अगदी कडेला बसली, उठायला सोपं पडावं अशी. मी विषय मांडला: सकाळी एकदा, दुपारी एकदा, सगळ्यांनी एकदम बसायचं. मशेरी असो नसो. खजिनदार वहिनींनी लगेच कपाळाला आठ्या घातल्या.

"नुसत्या बसण्याचा रोज द्यायचा?"

"आतापर्यंत मशेरी लावायचा देतच होतो," मी म्हटलं.

"आज बसाची सुटी," अध्यक्षीणबाई पान लावत म्हणाल्या, "उद्या निजाची मागतीत."

पान पुरतं लावून होईपर्यंत कोणी बोललं नाही. ते तोंडात गेल्यावर काकी म्हणाली, "अध्यक्षीणबाय, रागावू नकात. आता तुमी पान लावलात तेवा सभा थांबली. कोणी काय म्हणाक नाय. पान नसता आणि तुमी तितकोच येळ नुसत्या गप बसला असतात, तर ह्या सगळ्यांनी इचारल्यानी असता, काय गो, बरां नाय काय?"

अध्यक्षीणबाईंना इतकं हसू आलं की पानाचा ठसका लागला. मी पाठ चोळली, शाळेतल्या बाईंनी पाणी आणलं आणि त्या गडबडीत ठराव पास झाला. खजिनदार वहिनी अजून सांगतात की त्यांनी हात वर केलाच नव्हता.

अध्यक्षीणबाईंनी घरातला पितळी थाळा दिला. तो शेडच्या खांबाला टांगला आणि सोडणं कुटायच्या दांडक्यानेच तो वाजवायचं ठरलं. मागच्या चुलीवरचा तवा उतरवून पेजेचं भांडं चढवलं. सोबत गुळाचा खडा. लोणचं मुद्दाम ठेवलं नाही, काकीच्या तोंडाला सोसत नव्हतं. शाळेतल्या बाईंची पाटी उतरवली. लाकूड चांगलं होतं, पेजेच्या भांड्यावर झाकण म्हणून बरोबर बसलं.

पहिल्या दिवशी मी जातीने हजर होते. थाळा वाजला. बायका ओळीने बसल्या, इन्स्पेक्टर आल्यावर शाळेत पोरं बसतात तशा. हात कुठे ठेवायचे ते कोणालाच कळेना. कमरेच्या डबीकडे हात जायचा आणि मला पाहून परत यायचा.

"वयनी," एकीने विचारलं, "आता काय करूचां?"

"काय नाय करूचां. बसाचां."

"किती येळ?"

"थाळो परत वाजासर."

ती थोडा वेळ बसली. "ह्यां कठीण आसा," ती म्हणाली.

मी सांगून टाकलं की ज्यांना मशेरी लावायची असेल त्यांनी खुशाल लावावी, ज्यांना नसेल त्यांनीही तितकाच वेळ बसावं. मी पाहत उभी राहिले तर पेज गळ्याखाली उतरणार नाही हे लक्षात आलं, म्हणून घरी आले.

थाळा आधी मुकादमाकडे होता. त्याचा पहिला ठोका उशिरा पडायचा आणि दुसरा लवकर. बायकांनी तो काकीकडे दिला. काकीचं बरोबर उलटं.

"काकी, थाळो इसारलंस काय?" मुकादम ओरडायचा.

"इसराक नाय रे मुकादमा," ती पाय पसरून म्हणायची. "हात दुखतत. जरा बसतंय, मगे वाजयतंय."

सगळ्यांनी मशेरी सोडली असं मी लिहिणार नाही. ते खरं नाही, आणि शेडवरच्या एखादीला कोणीतरी हे वाचून दाखवायचं. म्हाताऱ्या लावत राहिल्या. मधल्या वयाच्यांपैकी काहींनी कमी केली, काहींनी कमी केल्याचं सांगितलं. पण नवीन येणाऱ्या पोरी डबी न घेता बसायला लागल्या आणि त्यांना कोणी हटकलं नाही. अध्यक्षीणबाई सभेत बिनतंबाखूचं पान खाऊ लागल्या. घरी काय ते त्यांचं त्यांना माहीत. सासूबाईंकडे मात्र मी हा विषय काढलाच नाही. मला त्याच घरात राहायचं होतं.

शिमगा झाल्यावर काकीला घेऊन परत मालवणात गेले. डॉक्टर बराच वेळ बॅटरी मारून पाहत होते. काकीने माझा हात धरला होता आणि बांगड्या मनगटात रुतेपर्यंत दाबला.

"फिका पडलाय," डॉक्टर म्हणाले. "गेलेला नाही. मशेरी परत लावलीस का?"

काकी माझ्याकडे बघत म्हणाली, "शेडवर नाय."

"तोंड शेडवर ठेवून घरी जातेस काय?" डॉक्टर म्हणाले.

होडी सुटली. अर्ध्या खाडीत ती आपणच बोलली. तिचा घोव, म्हणजे नवरा, सोडणांच्या व्यापाऱ्याच्या टोळीत होता. आमच्या शेडवर यायची ती सोडणं हीच टोळी ओहोटीच्या वेळी चिखलातून उपसून काढायची. मांड्यांपर्यंत चिखल, वर ऊन.

"तंबाखू मळाची म्हटल्यार बांधावर येवन बसाक गावता," ती म्हणाली. "नायतर व्यापारी वर येवक देणा नाय. म्हणान तो खाता. तेची पिशवी रातच्याक खुंटयेक लटाकता. तो निजता, पिशवी जागी आसता. माजो हात जाता, वयनी. मी काय करू?"

दुसऱ्याच दिवशी मी व्यापाऱ्याकडे गेले. तो शुद्ध मराठीत बोलायचा, विशेषतः नाही म्हणायचं असलं की.

"वहिनी, ओहोटी काय तुमच्या थाळ्याची वाट बघत थांबणार आहे? पाणी चढलं की काम बंद. तोवर माणसांना बसवून कसं चालेल?"

"तंबाखू मळायला बसतातच ना?"

"ती तर माणसाला लागतेच!" तो म्हणाला आणि मला चहा घ्यायचा आग्रह केला. मी चहा घेतला. राग आला तरी चहा चांगला होता.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. काकीच्या मुलीचं लग्न झालं, मुलगी वेंगुर्ल्याला दिली. काकी अजून शेडवर आहे आणि अजून डॉक्टरांकडे तोंड दाखवायला जाते. चट्टा जात नाही आणि वाढतही नाही. डॉक्टर दर खेपेला तेच सांगतात, घरातली तंबाखू बंद करा. मी दर खेपेला मान हलवते, जणू ती पिशवी माझ्याच खुंटीला आहे.

खाडीवरच्या टोळीलाही अशी सुटी मिळायला खरी अडचण अशी की ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. शेडसारखी सकाळची आणि दुपारची वेळ नेमून चालणार नाही. टोळीतल्याच कोणीतरी पाणी बघून हाक द्यायला हवी आणि ती व्यापाऱ्याने मानायला हवी. पहिलं जमेल. काकीचा घोव तयार आहे, काकीने तयार केला आहे. दुसऱ्यासाठी व्यापाऱ्याला अध्यक्षीणबाईंसमोर बसवायला हवं, कारण त्यांच्यापुढे त्याचं शुद्ध मराठी चालत नाही.

परवा शेडवर काकीने विचारलं, "वयनी, खाडयेवरच्यांचा काय झाला?"

"बघतंय."

"बघा," ती म्हणाली. "माजा तोंड थांबलासा. पण तां काय तुमची सभा भरासर थांबाचा नाय."

अध्यक्षीणबाई लेकीकडे सावंतवाडीला गेल्या आहेत. त्या परत आल्या की व्यापाऱ्याला ओटीवर बोलवायचं आहे. निरोप अजून धाडलेला नाही.