दिसू नये असा रंग

मोखाड्याहून खोडाळ्याकडे निघालं की डाव्या हाताला हेदीचा पाडा लागतो. तिथं जिवा सोंगवाल्याचं घर कुठलं, असं कुणाला विचारावं लागत नसे. बोहाड्याआधी महिनाभर त्याच्या ओटीवर रावणापासून गणपतीपर्यंत झाडून सगळे देव-दैत्य वाळत पडलेले असायचे. वरच्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून बोट दाखवून "तो बघ बकासुर" म्हणायची. एवढ्या लांबून बकासुर ओळखू येई, हीच जिवाची कमाई. दुसरी कमाई त्याने कधी केलीच नाही.

बोहाडा ही आमच्याकडची सोंगांची जत्रा. उन्हाळ्यात, शेताची कामं नसताना, गावोगाव भरते. अंगावर कुणाचं तरी मागून आणलेलं लुगडं, हातात लाकडी शस्त्र आणि तोंडावर भला थोरला मुखवटा घालून एकेक सोंग संबळाच्या ठेक्यावर नाचत गल्लीतून देवळाकडे जातं. लुगडं आणि शस्त्र काय, या सोंगाचं त्या सोंगाला चालतं. देव ओळखायचा तो तोंडावरूनच. शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता जगदंबा निघते. नवस बोललेल्या बाया लेकरांना वाटेत जमिनीवर निजवतात आणि देवी त्यांच्यावरून पाय टाकून पुढं जाते. देवळात पोचली की मुखवटा उतरतो, मग वर्षभर देवी नाही. ज्याची भेट वाटेत हुकली त्याची हुकली.

हे मुखवटे जिवाचा आजा रंगवायचा, मग बाप, मग जिवा. बापाने त्याला डोळ्यांभोवती बोटाएवढी जाड काळी रेघ ओढायला शिकवली, तिच्याबाहेर पांढरी, गालावर लाल हिंगूळ. शिकलेली माणसं त्याला भडक म्हणतील. म्हणोत बापडी. टेंभ्यांचा धूर, नाचणाऱ्यांनी उडवलेली धूळ आणि पुढं चार ओळी माणसं, एवढ्यातून देव दिसायचा तर तो भडकच हवा. पहिल्या दिवशी पाटील सगळ्या गावासमोर जिवाच्या हातात नारळ आणि डोक्यावर नवी टोपी ठेवायचा. ती टोपी तो वर्षभर उतरवत नसे. कौतुकाला हपापलेला माणूस होता, खोटं कशाला सांगा.

सन दोन हजार एकचा पावसाळा सरला आणि जव्हारचा रोहिदास त्याच्या ओटीवर येऊन बसला. हा एका गुरुजींचा मुलगा. ठाण्याच्या बाजूला कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर झाला होता आणि बोटात कायम जीपची किल्ली फिरवायचा, जीप मालकाची असली तरी. त्याने पुठ्ठ्याचा डबा उघडला. आत बोटाच्या दोन पेरांएवढे करडे प्लास्टिकचे शिपाई होते. कुणी गुडघ्यावर बसलेला, कुणी पोटावर पडलेला, कुणी बंदूक रोखलेला.

"जिवादादा, हे परदेशात जातात. तिकडं मोठी माणसं कपाटात मांडून ठेवतात."

"मोठी माणसं? खेळाया?"

"खेळायला नाही हो, बघायला."

जिवाला हसू आवरेना. आतून त्याची बायको हौशी म्हणाली, "हसशील मागनं. काम काय हाय ते इचार अगोदर."

काम होतं शिपायांना जंगलातले कपडे चढवायचं. आधी सगळ्या अंगाला हिरवा, त्यावर तपकिरी चट्टे, मग थोडे काळे आणि शेवटी फिक्या हिरव्याचे बारीक ठिपके. शिपाई मेणाने बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, बूच बोटांत फिरवायचं आणि चारदोन केसांच्या ब्रशने रंगवायचं. जिवाने पहिला डबा आठवड्यात संपवला. प्रत्येकाला पांढरे डोळे काढले, मिशा काढल्या, खिशाला काळी किनार दिली, पट्टा उठून दिसेलसा केला. एकाला तर हुबेहूब पाटलाचं नाक दिलं होतं. हौशी ते बघून पोट धरून हसली होती.

रोहिदास हसला नाही. त्याने खोट्या गवताचा एक तुकडा पसरला, त्यावर शिपाई मांडले आणि लांब जाऊन उभा राहिला.

"दादा, सगळे दिसतात."

"मंग? दिसाया नको?"

"नको ना! लपलेत ते. दिसला तो मेला. आणि डोळे काढू नका. एवढ्याशा तोंडाला डोळे काढले की भूत बघितल्यासारखे दिसतात."

अख्खा डबा रॉकेलात बुडवून पुसायला लागला. जिवाच्या हातचं काम परत आलं, असं त्याच्या जन्मात झालं नव्हतं. दोन दिवस त्याने ब्रशला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सागाच्या रानात लाकडाला गेला असताना त्याच्या पायातून एक रातवा फडफडत उठला आणि थोडं पुढं जाऊन वाळल्या पानांत बसला. कुठं बसला ते जिवाने बघून ठेवलं होतं, तरी पाखरू दिसेना. किती वेळ तो उकिडवा बसून पाहत राहिला. मग ध्यानात आलं, त्या पाखराच्या अंगाला कडच नव्हती. पंख कुठं संपतो आणि पान कुठं सुरू होतं, ते कळतच नव्हतं.

घरी येऊन त्याने ब्रश धरला तो वेगळ्याच हाताने. छातीवरचा चट्टा खिशापाशी न थांबवता बंदुकीच्या पट्ट्यावरून थेट बाहीवर नेला. जिथं रेघ उमटेल तिथं ती मोडली. डोळ्यांच्या जागी टोपीची सावली तेवढी ठेवली. पुढच्या खेपेला रोहिदासने गवतावर बारा शिपाई मांडले, उचलताना अकराच उचलले आणि बाराव्यावर गुडघा टेकला. कळवळला, पण खूश झाला. "दादा, कारखान्यात असा हात नाही," म्हणाला. झालं, जिवा विरघळला.

पुढची तीन वर्षं डब्यांमागून डबे आले. पाड्यावरच्या बाया हे काम शिकल्या त्या जिवाकडूनच, आणि तो त्यांना एकच गोष्ट घोकायला लावी, "रेघ मोडा, बायांनो, रेघ मोडा." बापाने रेघ ओढायला शिकवली होती, हा मोडायला शिकवत होता. त्यात काही उलटं होतंय असं त्याला वाटलंही नाही. घरात वेळच्या वेळी तेल-मीठ येत होतं. भाताची कापणी झाली की हौशीला वीटभट्टीवर जावं लागत नव्हतं. याला नावं ठेवायची तर ती पोटभर जेवलेल्याने ठेवावीत.

पण दिवसभर शिपाई नाकाला लावून बसायचं म्हणजे डोळ्यांनी तरी किती सोसावं? हळूहळू जिवाचं लांबचं जग विरघळायला लागलं. अंगणापलीकडचं कुंपण धुरकट झालं, एसटी तो आवाजावरून ओळखू लागला. एकदा शेजाऱ्याच्या शेळीला वासरू समजून त्याने हाक मारली. हौशी हसली, तोही हसला. मात्र खरं काय ते तिला सांगितलं नाही. रंगवणाऱ्याचे डोळे गेले म्हटल्यावर त्याच्याकडं राहतं काय, ही भीती त्याला होती.

या वर्षांत सोंगंही तोच रंगवत होता, पण डब्यांच्या धांदलीत, उरल्यासुरल्या वेळात. लोकांच्या ते ध्यानात आलं. एका वर्षी भीम आणि बकासुर सख्खे भाऊ दिसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. टोपी आणि नारळ तेवढे मिळत राहिले.

मग दोन हजार पाच साल उजाडलं आणि रोहिदास रिकाम्या हाताने आला. ओटीवर टेकलासुद्धा नाही. हौशीने दिलेला चहा त्याने उभ्या उभ्याच घेतला. "दादा, आता चीनमधनं रंगवूनच येतात. मशीन छापतं," म्हणाला. "तुमच्याइतकं चांगलं नाही," असंही म्हणाला. असलं बोलणं कुणाच्या पोटाला लागतं? त्याची जीप घाटाला लागल्याचा आवाज जिवा ऐकत राहिला. शिपाई रंगवणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी वीटभट्टीच्या मुकादमाकडे नाव सांगून आल्या.

त्याच आठवड्यात पंढरी पाटलाने त्याला बोलावलं. पाटील तसा भला माणूस, जिवाच्या बापाच्या मांडीवर बसून सोंगं पाहिलेला.

"जिवा, दोन वरीस मी गप बसलो. पोरं म्हंतात, नाशकाहून फायबरची सोंगं आणू. धुतली की नवी. या सालापुरतं मी त्यांना थांबवलं हाय. बाकीचं जाऊ दे, देवी नीट कर. देवी नीट झाली तर सोंगं तुझी, तुझ्या मरणापतूर."

"आणि नाय झाली तर?"

पाटलाने चंची सोडली. तंबाखू मळत राहिला.

जिवाने देवीला बारा दिवस दिले. एवढे त्याने कुठल्याच सोंगाला कधी दिले नव्हते. जुना रंग खरवडला, कागदाच्या लगद्याच्या भेगा बुजवल्या, शेंदरी थर चढवला. मग मात्र हात आपल्या वाटेने चालू लागला. डोळ्याभोवती काळी रेघ ओढली की ती फार ओरडतेय असं त्याला वाटे, आणि तो तपकिरी रंग पातळ करून तिची कड मोडून टाकी. गालाखाली सावली, नाकाच्या बाजूला सावली, कपाळावर फिकट ठिपके. मुद्दाम कुणी बिघडवत नव्हतं. आयुष्यात कधी नव्हतं इतकं मन लावून तो काम करत होता, आणि हेच मला अजून सहन होत नाही.

तेराव्या दिवशी हौशीने मुखवटा मांडीवर घेतला आणि त्याच्या गालाला बोट लावून पटकन मागं घेतलं.

"अगं बाय! जित्ती हाय ही. आता बोलंल."

पाटील आला. त्याने ओटीवर बसून देवी हातात धरली, वळवून वळवून पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. पाडा लोटला. जो तो मुखवटा जवळ घेई, तोंडात बोट घाली. अशी देवी आजाच्या काळातही झाली नव्हती, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. जिवा कुडाला टेकून मुसमुसला. त्याचं गेलेलं सगळं परत आलं होतं.

तो मुखवटा चार हातांपलीकडे धरून कुणीच पाहिला नाही. जिवाला पाहून काही कळलंच नसतं. हौशीला नुसतं म्हटलं असतं, "जरा बांधावर जाऊन बघ गं, कशी दिसती," तर ती धावत गेली असती. पण तसं सांगायचं तर का सांगतोय तेही सांगावं लागलं असतं, आणि इतके दिवस दडवलेली गोष्ट त्याला कौतुकाच्या दिवशी बाहेर काढवेना.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी फटफटलं तेव्हा जिवा नवी टोपी घालून गल्लीच्या वळणावर उभा होता. टेंभे विझत आले होते. त्याच्या शेजारी हिराबाई नावाची म्हातारी तान्ही नात घेऊन उभी होती. जव्हारकडच्या वांगणीहून आदल्या दिवशीच चालत निघालेली.

"सुनेची पयली दोन गेली बाबा," तिने न विचारता सांगितलं. "ही सा महिन्यांची झाली. देवी हिच्यावरनं गेली म्हंजी राहील."

"जाईल. चांगली झालीय अवंदा देवी," जिवा म्हणाला. आपणच रंगवली, हे जिभेवर आलेलं त्याने गिळलं. देवी समोर आल्यावर सांगू, असा त्याचा बेत होता.

संबळ वाजत जवळ आला. देवीचं तोंड वळणावर दिसलं की दरवर्षी बायांचा एकच कल्ला उठतो आणि लेकरं पटापट खाली ठेवली जातात. जिवा त्या कल्ल्यासाठी कान लावून उभा राहिला. धुळीत, गर्दीच्या पलीकडून, काहीतरी मातकट हलत गेलेलं त्याला दिसलं. डोळे आपलेच बिघडलेत, बाकीच्यांना दिसतंय, असं त्याने मनाला सांगितलं. कल्ला उठला नाही. पुढच्या ओळीतल्या दोघीचौघी गडबडीने वाकल्या, तोवर नाचणारे पुढं सरकले होते. संबळ देवळाकडे गेला.

"देवी कवा येल रं?" हिराबाईने विचारलं.

जिवाने तिच्याकडे पाहिलं. "तुला लांबचं दिसतं का, आये?"

"न दिसाया काय झालं? त्या टेकाडावरची गुरं मोजून दावू?"

"मंग आता गेलं ते कोण?"

"ते व्हय? काय की बाबा. मातीच्या तोंडाचं होतं कोन तरी. दैत्य असंल."

देवळापाशी घंटा वाजली. मुखवटा उतरला असणार. जिवाने टोपी काढून हातात घेतली. तिला खरं सांगायला त्याने दोनदा तोंड उघडलं.

"येल," तो म्हणाला. "मागनं येती."

"येऊं दे. थांबते मी," म्हणत हिराबाईने पदराने नातीच्या तोंडावरचं ऊन अडवलं. माणसं पांगली, दुकानवाल्यांनी ताडपत्र्या गुंडाळायला घेतल्या. ती वळणाकडे डोळे लावून उभी होती, आणि जिवाला तिच्याजवळून हलता येत नव्हतं.