सॅम्युएलच्या सोबत कोण होतं?

हे किस्से मी सांगतोय तसेच घडले का, याची मला खात्री नाही. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, साक्षीपुराव्यांवर डॉक्टरेट केली, आणि आता सकाळी गोळी घेतली की नाही हेही आठवत नाही. पण आमच्या शनिवारच्या मंडळात असे किस्से साचतच गेले. चौघं एकत्र बसली आणि चौघांनी एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगितली, की दुसरं काय होणार!

मंडळ म्हणजे जालन्यातल्या आमच्या चर्चमागची एक खोली, चार खुर्च्या आणि चार शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधले येशूच्या आयुष्याचे चार वृत्तांत. नियम एकच होता. ज्याला जे शुभवर्तमान दिलं, त्यानं त्याच्याच बाजूनं बोलायचं. मत्तय दावीदकाकांकडे, ते एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. मार्क माझ्याकडे. लूक रूथबाईंकडे, या सरकारी दवाखान्यातल्या जुन्या नर्स. योहानाची खुर्ची रिकामी होती. एकदा आमची फाटकी बायबलं बांधून घेऊन बाइंडर सलीमभाई आले, ते तिच्यावर बसले आणि बसलेच.

"हम तो सिर्फ जिल्द बांधते हैं, प्रोफेसरसाब," ते म्हणाले.

"मंग आज आतलं बी वाचा!" दावीदकाका म्हणाले.

चार वृत्तांतांत विसंगती सापडली की तिचा मेळ बसवायचा, हे आमचं काम. पण रूथबाई त्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सॅम्युएल बावीस वर्षांचा असताना घरातून निघाला तो परत आला नाही. पोलिसांची फाइल केव्हाच बंद झाली होती. त्याला त्या दिवशी पाहिलेल्या तिघांचे जबाब रूथबाईंनी एका वहीत उतरवले होते, आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते.

"सर, मला मेळ बसवायला शिकवा," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "तो मला सोडून एकटा गेला, की त्याला कुणी नेलं, एवढंच मला पाहिजे."

*

पहिला वाद येशूनं यरीहो गावापाशी बऱ्या केलेल्या आंधळ्यांवर झाला. मत्तयात दोन आंधळे, मार्कात एक. शिवाय मत्तय आणि मार्क म्हणतात, येशू गावातून निघताना ते भेटले. लूक म्हणतो, गावाजवळ येताना.

मी मूळ ग्रीक काढून बसलो. दावीदकाकांनी मला हातानंच थांबवलं.

"सोपं हाय की! यरीहो दोन असतील. आपलं न्हाई का, जुना जालना आन् नवा जालना? जुन्यातून निघला तो नव्यात येऊन राह्यला. दोघं बी बराबर!"

नंतर कळलं, मोठमोठ्या पंडितांनीही हेच उत्तर दिलंय. मला ते शोधायला तीन ग्रंथ लागले.

त्या दिवशी बाहेर पडलो तर फाटकाशी एक आंधळा म्हातारा उभा होता. काकांनी त्याला चहा पाजला. पुढच्या शनिवारी मी सहज म्हणालो, "तो आंधळा परत दिसला नाही."

"तो? अहो, दोघं होते की!" काका म्हणाले. "दोन कप चहा सांगितला मी."

मला एकच आठवत होता. रूथबाई हळूच म्हणाल्या, "मलाही एकच दिसला. पण कप दोन रिकामे झाले, ते मी पाहिलं."

*

येशूचा शिष्य पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणतो आणि कोंबडा आरवतो, इतर तिघांत एकदा. माझ्या मार्कात दोनदा.

त्या दिवशी टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. दावीदकाकांना डायबेटिस.

"काका, तुम्ही पेढा खाल्ला?" रूथबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"खाल्ला ना?"

"बिलकुल न्हाई!"

"ओठाला काय लागलंय?"

"येशूची शपथ, न्हाई!"

आणि भर दुपारी चार वाजता खिडकीखाली कोंबडा आरवला. आम्ही इतके हसलो की सलीमभाईंचा चष्मा पडला.

"प्रोफेसर, तुमचा दुसरा कोंबडा कुठं हाय?" काका डोळे पुसत म्हणाले.

आम्ही सगळेच गप्प होऊन वाट पाहू लागलो. गंमत म्हणून. शेवटी तो आरवला, या वेळी खोलीच्या आतून. टेबलाखाली पाहिलं, कपाटामागं पाहिलं. काही नव्हतं. त्यानंतर काकांनी पेढ्याला हात लावल्याचं मी पाहिलं नाही.

*

येशूच्या रिकाम्या कबरेपाशी देवदूत किती? मत्तय आणि मार्क, एक. लूक आणि योहान, दोन.

याचं ठरलेलं उत्तर मला पाठ होतं. "जिथं दोन असतात तिथं एक असतोच. एकाबद्दल सांगणारा दुसऱ्याला नाकारत नाही."

"देखनेवाला डरा हुआ था ना," सलीमभाई म्हणाले. "फिर गिनती काहे की?"

"घाबरलेलं माणूस कमी मोजतं," रूथबाई म्हणाल्या. "वॉर्डात मी पाहिलंय. खाटेजवळ कितीही जण उभे असोत, मरणाऱ्याला त्यातला एकच दिसतो."

मग त्यांनी पिशवीतून ती वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "सर, आता हा मेळ बसवा."

*

तीन जबाब होते. कंडक्टर म्हणाला, जालन्याहून निघालेल्या गाडीत सॅम्युएलनं आष्टीची दोन तिकिटं काढली. शेजारी पांढऱ्या कपड्यांतलं कुणीतरी होतं, चेहरा पाहिला नाही. आष्टीचा चहावाला म्हणाला, पाच वाजता पोरगा माझ्याकडे होता, एकटाच. कुंभार पिंपळगावचा चुलतभाऊ म्हणाला, पाच वाजता तो माझ्या दारात होता; आत ये म्हटलं तर, "नको, सोबत आहे," म्हणाला.

एकाच वेळी दोन गावांत!

असली कोडी आम्ही दर शनिवारी सोडवत होतो. मार्क म्हणतो येशूला तिसऱ्या तासाला क्रुसावर खिळलं. योहानात सहाव्या तासाला चौकशीच चाललेली. उत्तर काय, तर दोघांची तास मोजायची पद्धत वेगळी. मी तेच केलं. चुलतभावाचं घड्याळ एक तास मागं होतं असं लिहून टाकलं, त्याला न विचारता. सोबतचा माणूस आष्टीत थोडा वेळ बाजूला गेला असेल, असंही लिहिलं. सुवाच्य अक्षरात निष्कर्ष काढला: सॅम्युएल आईला सोडून गेला नाही. त्याला कुणीतरी नेलं.

रूथबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागं सरकलो. ते घड्याळ मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

*

त्या नाताळाला रूथबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही चौघं, आणि टेबलावर ताटं सहा.

"एक सॅम्युएलचं," त्या म्हणाल्या. "दुसरं त्याच्या सोबतच्याचं. त्याला काय उपाशी ठेवायचं?"

वातावरण हलकं करायला दावीदकाका त्या सहाव्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि तसेच उठले.

"काय झालं, काका?"

"खुर्ची गरम हाय, प्रोफेसर," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ता कुणीतरी उठून गेल्यासारखी."

रूथबाई शांतपणे त्या ताटात भात वाढत होत्या. पुढच्या वर्षी त्या गेल्या. माझा कागद त्यांच्या बायबलात होता.

*

त्यांच्यामागं बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी आष्टीला गेलो. चप्पल चावली म्हणून पट्टी बांधायला एका जुन्या खासगी दवाखान्यात शिरलो. तिथं पेशंटनं रजिस्टरात स्वतःच नोंद करायची पद्धत होती, आणि मागच्या फळीवर जुनी रजिस्टरं वर्षवार लावलेली होती. मी कंपाउंडरला ते वर्ष मागितलं. त्यानं धूळ झटकून दिलं.

तारीख सापडली. सॅम्युएलचं अक्षर मी ओळखत होतो. त्याची गीतांची वही रूथबाईंनी मला ठेवायला दिली होती. वेळ: संध्याकाळी पाच. तक्रार: तळहातात काटा. पुढचा रकाना होता, 'सोबत कोण'. मी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. तिथं त्यानं लिहिलं होतं: आई.

जालन्याला परतल्यावर ओळखीनं मी सरकारी दवाखान्याचा जुना हजेरीपट काढून घेतला. त्या दिवशी रूथबाई सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत ड्युटीवर होत्या. येतानाची सही त्यांची आहे, जातानाचीही त्यांचीच आहे.