बांधाखालची माती

दिवाळी झाली की मुरबाडकडच्या आमच्या घराला कडी लागायची आणि आम्ही वीटभट्टीवर जायचो. शेतातून खरवडून आणलेली माती आई पायांनी तुडवायची, बाबा साच्यात थापायचे. पाऊस लागेपर्यंत झोपडी आणि भात-सुकट. धाकटा भाऊ तिथेच तापानं गेला. माझी शाळा अर्धं वर्ष बुडायची. तरी शिकले. मातीतच एम.एस्सी. केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी चारचौघांत सांगते.

माझं काम मातीतला कर्ब, म्हणजे कार्बन, मोजायचं. झाडं तो हवेतून घेतात, पानं-मुळं कुजली की तो जमिनीत साठतो. जमीन उपसली, भाजली की पुन्हा हवेत. ठाणे ते डोंबिवली, जमिनीचा वापर बदलला तिथे किती उरलाय, हे मला दाखवायचं होतं. पण तुलनेसाठी कधीच न खरवडलेलं एक भातशेत हवं होतं. ते मिळालं नाही तर वर्षभराचं काम फुकट. म्हणून एका सकाळी गिरमिट (माती काढायचा लोखंडी दांडा) गोणपाटात गुंडाळून एसटीत बसले.

वाटेत बदललेल्या जमिनींचे नमुनेही घ्यायचे होते. आधी बाळकुम. खाडीच्या अंगाला, टॉवरांच्या मागे, माझ्या नकाशात तिवरं (खारफुटी) होती. समोर डेब्रिजचा डोंगर. गिरमिट हातभर गेलं, सिमेंटच्या तुकड्यात अडकलं आणि त्याची मूठ वाकली. वॉचमन जवळ आला. खाली सोनं आहे का म्हणाला. मी म्हटलं, काळा चिखल आहे.
"तो तर आपण कधीच गाडला, मॅडम," तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.

ठाकुर्लीला रुळांलगत पालकाचे वाफे होते. नमुना सहज निघाला, पण मातीला तेलाचा वास होता. तिथेच सावलीला भाकरी खाल्ली.

डोंबिवलीजवळ मानपाड्याला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. कारखान्यांच्या मागे कान्हाकाका या शेतकऱ्याचं शेत, त्या बाजूचं शेवटचं. तेही विकलेलं. भरावाचे डंपर येऊन उभे होते. बांधावर चढले आणि खाली बघितलं. शेत बांधापेक्षा दीड हात खोल. भट्टीवर वाढलेल्या माणसाला आणखी सांगावं लागत नाही. घर बांधताना वरची माती भट्टीला दिली होती, बांधावर उभ्या काकांनी कबूल केलं. मी तिथेच बसले.

मग सुचलं, मी बसले होते तो बांध. माती काढणारे बांधाला हात लावत नाहीत, हद्दीवरून डोकी फुटतात. बांधाच्या पोटातली माती मूळची. भट्टीवर बघितलंय, असं सांगून मी खणू का विचारलं.

"भट्टीवाल्याची पोर गो तू? माती तुमीच खाल्लीत, नि आता शोधाला आलीस."
"आम्ही थापली, काका. विकली तुम्ही."

मग ते म्हणाले, बांधाच्या पलीकडे भावाचा हिस्सा आहे, दहा वर्षं बोलणं नाही, एक ढेकूळ हललं तरी कोर्टात जाईल. भोक बांगडीएवढंच असेल, परत बुजवीन, मी म्हटलं. त्यांनी डंपरांकडे बघितलं.

"खन. कोनी इचारला त मुठ्यानं (शेतातल्या खेकड्यानं) खनला बोल."

वाकड्या मुठीनं तळहात सोलले. शेवटी काळी, मुळांच्या धाग्यांनी भरलेली माती वर आली. काकांनी चिमूटभर घेऊन वास घेतला.
"आयेच्या टायमाची हाय," ते म्हणाले. "माज्या शेतान परत येल काय गो अशी?"
"भरावाखाली नाही येणार."
भोक त्यांनी स्वतः पायानं दाबून बुजवलं. जाता जाता मी खालच्या शेतातलाही नमुना घेतला.

अंधार पडल्यावर घरी आले. बाबांनी बांधाच्या नमुन्याची पिशवी उघडून माती बोटांनी चेपून बघितली आणि परत बांधून ठेवली.

पुढे प्रयोगशाळेत तपासणी झाली. बांधाखाली कर्ब भरपूर निघाला, खरवडलेल्या शेतात त्या मानानं फारच थोडा. तोवर शेत भरावाखाली गेलं होतं. माझा प्रबंध मंजूर झाला. मानपाड्याच्या त्या भातजमिनीत काय होतं आणि त्यातलं किती गेलं, ते आता मोजून लिहिलेलं आहे.