पोर्टाला लागलेलं कुंकू

वैनींचा फोन आला तेव्हा मी नवी वायर पिशवीत टाकत होते. रविवारची सकाळ होती आणि आज काहीही झालं तरी बसूअण्णाच्या त्या मेल्या पोर्टाचा निकाल लावायचाच, अशा तावात मी होते. "उषाताई, आज येऊ नका," वैनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "न्हाय... या. लगेच या." मी वैतागून म्हटलं, "अहो, येऊ की नको येऊ? एक काय ते सांगा की." तर त्या म्हणाल्या, "हे उटंनात." मी विचारलं, "कुठून उठेनात?" असा प्रश्न कुणी विचारतं का? पण मी विचारला. झोपेतच हार्ट अटॅक आला होता, हे मला त्यांच्या दारात पोचल्यावर शेजाऱ्यांकडून कळलं. तिथं बायकांत बसले होते तेव्हाही पिशवी मांडीवर होती आणि पिशवीत ती वायर. ती परत करता येईल का, पावती कुठं ठेवलीय, असले विचार डोक्यात येत होते. रडू आलंच नाही. ते नंतर आलं, बँकेत, कामाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर.

बसूअण्णा म्हणजे बसवराज. दिवसा एका शाळेच्या ऑफिसात कारकून आणि संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्राचा गिटारवाला. मी त्याच ऑर्केस्ट्रात गाते, म्हणजे गात होते. लग्नं, गणपती, वाढदिवस, कुठलीही सुपारी असो, स्टेजवर माझ्या डाव्या हाताला अण्णा. त्याच्या पायाशी एक लोखंडी पेटी असायची. गिटारीचा आवाज हवा तसा बदलायचा तर ती पायानं दाबायची. दुकानदार तिला प्रोसेसर म्हणतात. अण्णा तिला 'पाटा' म्हणायचा, कारण ती चपटी होती, जड होती आणि तिच्यावाचून त्याचा स्वयंपाक व्हायचा नाही. पाट्याला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. एकदा मंडपवाल्याच्या एका माणसानं त्यावर चहाचा कप ठेवला, तर अण्णानं तो कप उचलून त्या माणसाच्या डोक्यावर ठेवला. रिकामा होता म्हणून बरं.

ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या कमी झाल्या, डीजेनं आम्हाला खाल्लं, तेव्हा अण्णाच्या डोक्यात आलं की त्यानं बांधलेल्या चाली तरी नीट रेकॉर्ड करून ठेवाव्यात. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवली, चार गाणी तरी आपली म्हणून राहू देत, एवढीच त्याची इच्छा. गिटार तो वाजवणार, गाणार मी. पाट्याच्या मागच्या अंगाला प्रिंटरला असतो तसा चौकोनी यूएसबी पोर्ट होता. त्यातून माझ्या लॅपटॉपला वायर जोडली की गिटार थेट आत. दर रविवारी मी त्याच्या घरी लॅपटॉप घेऊन जायचे. सुरुवात झाली दसऱ्याच्या सुमाराला, आणि तिथंच घोळ झाला.

खंडेनवमीला वैनी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतात. विळी, मिक्सर, स्कूटर, गिटार आणि अर्थात पाटा. अण्णानं त्यांना बजावलं होतं, "हे बग, स्क्रीनवर कुंकू लावायचं न्हाय आणि बटणांवर पाणी न्हाय." वैनी मंद्रूपच्या, सांगितलेलं नीट ऐकणाऱ्या. त्यांनी पाटा फिरवला, मागच्या बाजूवर विभूतीची तीन बोटं ओढली, आणि तिथं एक छोटं दारासारखं भोक दिसलं, तर उंबऱ्याला लावतात तसं ओलं कुंकू त्या दाराला लावलं. वर अक्षता. पुढच्या रविवारी वायर घातली तर लॅपटॉप पाट्याला ओळखच दाखवेना. अण्णानं बॅटरी मारून बघितलं आणि असा काही हसला की वैनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अगं, तू पोर्टाचं लग्न लावलंस की! आता ते दुसऱ्या कुणाशी बोलत न्हाय बग." वैनींनी तोंडाला पदर लावला.

तिथून पुढं आमचं रेकॉर्डिंग कमी आणि दुरुस्ती जास्त. जुन्या टूथब्रशनं खरवडलं, स्पिरिट घातलं, अक्षतेचा दाणा सुईनं काढला. मग कधी लागायचं, कधी नाही. वायर बदलली, लॅपटॉपचा पोर्ट बदलला, सॉफ्टवेअर काढून परत घातलं, वायर हलू नये म्हणून रबरबँड लावला, त्याखाली आगपेटी सरकवली. अर्धं गाणं व्हायचं आणि लॅपटॉपवरची हलणारी रेघ एकदम सपाट. अण्णा खाली वाकायचा, वायर हातात घेऊन वर यायचा. "गेलं बग परत पोर्ट!" मी चिडायचे, "अण्णा, नवा पाटा घे एकदाचा." तो म्हणायचा, "ह्याच्यात माझे आवाज हायत गं." वैनी चहा घेऊन यायच्या, तर त्यांना चिडवायचा, "ह्या बाईसायबांच्या कुंकवाची कृपा." आणि एकदा मला म्हणाला, "उषे, लोक म्हणतील नाचता येईना, अंगण वाकडं." मी हसले. तोही हसला... माझ्यापेक्षा जास्त.

दिवसकार्य झाल्यावर ऑर्केस्ट्रातली मंडळी भेटायला गेली होती, मीही होते. ड्रमवाल्यानं सहज विचारलं, अण्णाच्या रेकॉर्डिंगचं कुठवर आलं होतं? मी काही बोलायच्या आत वैनी म्हणाल्या, "कुटं झालं? माझ्याच कुंकवानं त्यांचं यंत्र बिगडलं. शेवटपतुर पुरं झालं न्हाय." मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! अण्णाची ती एवढीशी गंमत, आणि ही बाई ती जन्मभर उरावर घेऊन बसणार? मी तिथंच ठरवलं की काय ते खरं शोधून काढायचं आणि वैनींच्या डोक्यातून हे काढून टाकायचं.

पाटा घेऊन मी नवी पेठेत गेले. तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, भिंगाखाली बघून सोल्डरचा डाग देतात. दुकानदारानं पेटी खोलली. म्हणाला, "मॅडम, आत लाल कायतरी हाय आणि पोर्टाचा एक पाय ढिला हाय. साफ करून डाग दिलाय." मी विचारलं, "म्हणजे ह्या लाल रंगानंच बिघडलं होतं?" तर म्हणे, "असंल. नसंल बी. वायर सारखी ओढली तरी पाय ढिला होतोय." "पण मग सारखं बंद कशानं पडत होतं?" "मॅडम, चालू झालंय न्हवं?" ह्या माणसाशी काय बोलणार? गेले होते सोक्षमोक्ष लावायला आणि आले आणखी गोंधळून.

मग एका दुपारी लॅपटॉप उघडून मी ती सगळी अर्धवट रेकॉर्डिंग ऐकायला बसले. अण्णा गेल्यापासून ती उघडायचं धाडस झालं नव्हतं. पोर्ट सुटला की रेकॉर्डिंगमध्ये 'टक' असा आवाज येतो आणि पुढं काही नाही, हे मला पाठ झालं होतं. सुरुवातीच्या रविवारी तसंच होतं. गिटार छान चाललीय, टक, संपलं. पण नंतरच्या एकात काहीतरी वेगळं वाटलं. परत ऐकलं. हेडफोन लावून परत ऐकलं. आधी तार अडखळत होती. बोट नीट न दाबल्यावर तार जशी खुळखुळते तशी खुळखुळली, एक सूर चुकला, थोडी शांतता... आणि मग टक. पोर्ट गेला असता तर टक आधी यायला हवा होता ना? सूर चुकल्यावर पोर्ट कसा जाईल? मी पुढचं लावलं. तिथंही तसंच. आधी तार, मग शांतता, मग टक. ती वायर अण्णा स्वतः ओढत होता. खाली वाकून, माझ्यादेखत. आणि वायर हातात घेऊन वर येत होता.

खरं सांगते, मला आधी रागच आला. शुगर त्याला कित्येक वर्षांची, बोटं बधिर होत असणार हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं की नको, ते राहू दे. पण मला सांगायला काय झालं होतं? मी कोण परकी? आणि त्याहून मोठं कोडं म्हणजे वैनी. हा माणूस बायकोशी कधी आवाज चढवून बोलला नाही, आणि त्यानं आपल्या बोटांचं खापर तिच्या कुंकवावर फोडलं? चोर सोडून संन्याशाला फाशी? बरं, पोर्ट खरंच खराब होता, तेही खोटं नाही. मग कुठल्या रविवारी पोर्ट गेला आणि कुठल्या रविवारी बोट, हे मी ठरवू कसं? काही रेकॉर्डिंगमध्ये तर मला अजूनही कळत नाही. सूर चुकला म्हणून वायर ओढली, का वायर सुटली म्हणून... डोकं चालेनासं झालं.

तरी वैनींकडे गेले. कुंकवाचा आळ तरी उतरवायचा होता. त्यांनी चहा केला, मी घोटभर घेतला आणि बोलून टाकलं, "वैनी, तुमच्या कुंकवानं काही झालं नव्हतं. म्हणजे थोडं झालं होतं, पण ते नाही. अण्णाची बोटं..."

"म्हाईत हाय की मला," वैनी म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"बोटं. दसऱ्याच्या लई आदीपासनं."

त्या उठल्या आणि कपाट उघडलं. अण्णाचे शर्ट इस्त्री करून एकावर एक ठेवले होते. वरची दोन बटणं उघडी आणि खालची सगळी लावलेली. प्रत्येक शर्टाची. "बटणं लावताना लई चिडायचे. मग मीच लावून ठिवाय लागले, डोक्यावरनं घातला की झालं. त्यांनी इचारलं तर म्हणलं, अशानं घडी चांगली बसतीया."

"आणि अण्णाला कळलं होतं? तुम्हाला समजलंय ते?"

"काय म्हाईत बा. कळलं असंल. नसंल बी." अगदी दुकानदारासारखं बोलल्या.

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर कुंकवाचं कशाला बोललात?" माझा आवाज चढला, आवरलाच नाही.

"मग काय सांगू? ह्यांचा हात गेला हुता म्हणून?" वैनींनी माझ्याकडं असं बघितलं की शाळेत पोरीनं उत्तर चुकवावं तसं मला झालं. "उषाताई, गिटारवाल्याचा हात गेला म्हणल्यावर ऱ्हातंय काय त्याचं? माझं कुंकू चुकलं तर चुकलं. मला कोण स्टेजवर बोलवतंय?"

म्हणजे त्या घरात तो तिच्यापासून लपवत होता, ती त्याच्यापासून, आणि दर रविवारी टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन जाणारी मी एकटीच काय ती खरोखर पोर्ट दुरुस्त करत होते! हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. वैनींनी मला पाणी दिलं.

हे लिहायचं का, असं मी त्यांना विचारलं. नको म्हणाल्या असत्या तर हा लेख पोर्टावर आणि कुंकवावर संपवला असता. त्यांनी कपबश्या उचलल्या. मग म्हणाल्या, "लिवा. आता कुटं त्यास्नी सुपारी घ्यायची हाय?" रेकॉर्डिंगमधले ते चुकलेले सूर काढून टाकता येतात म्हणे. मी काढणार नाही. तेवढं माझं मी ठरवलंय.

निघताना वैनींनी सांगितलं, सांगोल्याहून दिराचा दोनदा निरोप आलाय, दादाचे शर्ट पडून राहू देऊ नका, मी वापरतो म्हणून. द्यायलाही हवेत, चांगले आहेत. "पन देताना बटणं सोडून द्याय पायजेत," त्या म्हणाल्या, "त्याच्या हाताला काय झालंय?" त्यांनी वरचा शर्ट मांडीवर घेतला, एक बटण सोडलं, थोडा वेळ तसाच धरून बसल्या. मग ते परत लावलं आणि शर्ट कपाटात ठेवून दिला.