तुंदुक कोणाच्या पाठीवर

सायकालबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. ती स्वतः लिहिणार नाही, तिला तेवढी फुरसत नसते. म्हणून मीच बसलो आहे. जमेल तसं लिहितो.

उन्हाळा लागला की आम्ही आमची तंबूसारखी घरं उचलून सोंग कोल सरोवरावर नेतो. वाट खिंडीतून जाते, त्यामुळे भिंतींचे लोकरी नमदे, काठ्या, कढया, सगळं घोड्यांच्या पाठीवर. तांड्याच्या पुढे सायकालचा नवरा तोलोगोन चालायचा. ओझी मात्र लग्न झाल्यापासून सायकालच बांधत आली. तोलोगोन हिवाळ्यात वारला, आणि निघायच्या दिवशी तिचा दीर एशिम म्हणाला, "वहिनी, तुम्ही यंदा खालीच राहा. सरोवराकाठची जागा मी सांभाळतो. बाईमाणूस तांडा कसा नेणार?"

"आणि तुमच्या भावाला इतकी वर्षं कोण नेत होतं, भाऊजी?"

माणसं हसली, पण एशिम हटला नाही. शेवटी सायकालच्या सासूबाईंनी निकाल दिला. तांडा धडपणे पलीकडे गेला तर जागा सायकालची. घरातलं काही मोडलं तर एशिमची.

तुंदुक म्हणजे घराच्या माथ्यावरचं लाकडी चक्र, त्यातून आभाळ दिसतं. ते पुढच्या घोड्यावर जातं आणि वाटेत जमिनीला टेकू देत नाहीत. हे तर सायकालच्या सासऱ्यांनी स्वतः वाकवलेलं. ते मोडलं तर छपरालाच आधार नाही. सायकालने ते करडीवर, एका म्हाताऱ्या घोडीवर चढवलं होतं.

"घराचा मान असा काण्या घोडीवर?" एशिम म्हणाला. त्याने आपला काळा वळू घोडा आणला. लगामाला चांदी लावलेली. तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनाही काळाच शोभून दिसला.

"चढवा," सायकाल म्हणाली, "पण गाठ माझी."

तिने गाठ मारली तशी एशिमने वाकून पाहिलं. "ही कसली गाठ? एका हिसक्यात सुटेल."

"म्हणूनच मारली."

खिंडीत अजून बर्फ होतं. वाट अरुंद, एका अंगाला उतार. पुढे दुसऱ्या कोणाच्या घोड्या चालल्या होत्या. काळ्याला त्यांचा वास लागला मात्र, तो खिंकाळत दोन पायांवर उभा राहिला. मागचा पाय बर्फाच्या कडेत रुतला आणि ओझं त्याला उताराकडे ओढू लागलं. एशिम लगामाला लोंबकळून ओरडत होता. सायकाल वरच्या अंगाने गेली, दोराचं टोक धरलं आणि एकच हिसका दिला. तुंदुक घसरलं, बर्फावर गरगर फिरलं आणि आडवं पडलं. हलका झालेला काळा धडपडत वर आला.

"टेकलं! तुंदुक जमिनीला टेकलं!" एशिम म्हणाला. "संपलं सगळं!"

सायकालने चक्रावरून हात फिरवला. एक काठीसुद्धा हलली नव्हती. "बर्फ काय जमिनीतून उगवतं, भाऊजी? वरून पडलंय ते. आणि तुंदुकाला आभाळाची सवयच आहे."

सगळ्यांत आधी हसल्या त्या सासूबाई, घोड्यावरून पडतील की काय इतक्या. मग डोळे पुसून लेकाला म्हणाल्या, "बापाने केलं ते हिने वाचवलं. उचल आता, आणि करडीवर चढव."

एशिमने चढवलं. गाठ सायकालनेच मारली. करडी एक डोळा वाटेवर ठेवून अशी उतरली की जणू पाणी आणायला निघाली आहे. ऊन मावळायच्या आत सरोवराकाठी सायकालचं घर उभं राहिलं आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा पहिला वाडगा तिने सासूबाईंना दिला.

सकाळी एशिम हातात दोर घेऊन दारात उभा. "वहिनी, ती गाठ जरा दाखवता? माझ्यासाठी नाही. गाढवासाठी हवी होती."

सायकालने त्याच्या मागे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. कुठेच गाढव दिसलं नाही.

"बरं," ती म्हणाली, "बसा."